सुतारपक्ष्याचे छायाचित्र काढताना तो दरवेळी खोडाआड का जातो?

आपली अडचण दुहेरी आहे: जवळ जाताच सुतारपक्षी खोडामागे सरकतो, आणि जी छायाचित्रे मिळतात त्यांत त्याचे डोके अस्पष्ट येते. खोडाआड जाणे हा त्याचा बचाव आहे. धोका जाणवला की तो आपल्या आणि स्वतःच्या मध्ये खोड ठेवतो, आणि आपण झाडाला वळसा घातला की तोही तितकाच सरकतो. सुरुवातीच्या काळात मी अशा पुष्कळ प्रदक्षिणा घातल्या. पुण्य लाभले असेल, छायाचित्र मात्र लाभले नाही.

त्याऐवजी कॅमेरा डोळ्याशी धरून जागीच थांबावे. बऱ्याचदा काही मिनिटांत खोडाच्या कडेने आधी चोच आणि मग एक डोळा डोकावतो. त्या वेळी कॅमेरा उचलण्याची हालचालही त्याला पुन्हा आड घालवायला पुरेशी असते. तो उडालाच तर पुढच्या झाडाचा शेंडा न्याहाळण्यापेक्षा खोडाचा खालचा भाग पाहावा, कारण तो सहसा खाली बसून वर चढत जातो.

कानांचा उपयोग डोळ्यांइतकाच होतो. एका दमात वाजणारा वेगवान ठोका हद्द सांगण्यासाठी किंवा जोडीदारासाठी असतो, तर संथ, अनियमित टकटक म्हणजे खाद्याचा शोध किंवा खोदकाम. मी दुसऱ्या आवाजामागे जातो, कारण तेथे तो बराच वेळ रमतो आणि झाडाखाली पडलेल्या ताज्या, फिकट ढलप्या त्याची जागा दाखवतात.

डोके स्पष्ट हवे असेल तर शटरचा वेग १/२००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा, आणि फोकसचा एकच बिंदू डोळ्यावर धरावा, नाहीतर कॅमेरा सालीलाच पकडतो. चोच आदळण्याच्या क्षणी डोळ्यावर तिसरी पापणी ओढली जाते, म्हणून दोन ठोक्यांमधली फ्रेम निवडावी. कधी मुद्दाम १/१२५ वर उतरून पाहावे: खोडाला टेकलेली ताठ शेपटी आणि रुतलेल्या नख्या स्थिर, डोके तेवढे पुसट, असे चित्र मला अधिक खरे वाटते.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये, आणि ढोलीपासून दूर राहावे. चोचीत खाद्य घेतलेला पक्षी ढोलीत न शिरता शेजारच्या फांदीवर घुटमळत असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. त्याच क्षणी मागे फिरावे.