ऑप्शनमध्ये पहिले पाऊल टाकताना

हाती असलेल्या शेअर्सना संरक्षण म्हणून पुट (मुदतीअखेर ठरलेल्या किमतीला शेअर विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन) घेण्यापासून आपण सुरुवात करू पाहता, हे योग्यच आहे. समजा, शेअर १,००० रुपयांवर आहे आणि त्याच किमतीचा पुट २० रुपयांना मिळतो. मुदतीअखेर शेअर ९०० वर आला, तरी दलाली व कर सोडल्यास शेअरमागे नुकसान २० रुपयांपुरतेच राहते, आणि तो वर गेला तर ते २० रुपये विम्याच्या हप्त्यासारखे गेले असे समजावे. मात्र लॉटपेक्षा, म्हणजे एका ऑप्शन करारातील शेअर्सच्या ठरावीक संख्येपेक्षा, आपले शेअर्स कमी असतील, तर उरलेला भाग संरक्षण नव्हे, सट्टा ठरतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे कंपनीच्या तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेणे. अपेक्षित चढउतार प्रीमियममध्ये (ऑप्शनच्या किमतीत) आधीच धरलेला असल्याने दिशा अचूक ओळखूनही दुसऱ्या दिवशी प्रीमियम उतरू शकतो (या शिकवणीची फी मी दोनदा भरली आहे). ऑप्शन विकण्याच्या वाटेला तूर्त जाऊच नये. शेअर हाती नसताना कॉल (ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क) विकल्यास मिळकत प्रीमियमपुरती, तोट्याला मात्र मर्यादा नाही. बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात होते. डेल्टा, व्हेगा ही प्रीमियममधील बदलाची मापे नंतर पाहू. सध्या प्रत्येक व्यवहाराआधी जास्तीत जास्त तोट्याचा आकडा वहीत लिहावा.