‘मॅडम, हे ब्लॉक्स माळ्यावर टाकून देऊ का?’

हा प्रश्न मला वर्षभरात इतक्या आयांनी विचारलाय की आज त्यातली एक केस सविस्तर सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगा दुसरीतला, साडेसात वर्षांचा, कुटुंब पुण्यातलंच. आई सांगत होती की शाळेतून आला की दप्तर फेकतो आणि फरशीवर ब्लॉक्स पसरून बसतो ते दहा हाका मारल्यावर जेवायलाच उठतो, गृहपाठाचं नाव काढलं की तोंड पाडून बसतो, आणि हे सगळं एकवेळ चाललं असतं पण टॉवर पडला की त्याचं जे काही होतं ते बघवत नाही, रडणं, ओरडणं, ब्लॉक्स भिंतीवर फेकणं, एकदा तर धाकट्या बहिणीच्या कपाळाला लागला. शाळेतूनही तक्रार की लिहायचा कंटाळा करतो. त्यामुळे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं की सगळ्याचं मूळ हे ब्लॉक्सच.

सुरुवातीला मीसुद्धा रागाच्याच मागे लागले. खेळायची वेळ ठरवा, राग आला की पाणी प्या, मोठा श्वास घ्या वगैरे. तीन आठवडे गेले, काडीचा फरक नाही. मग म्हटलं, ताई, पुढच्या वेळी ब्लॉक्सची पिशवीच घेऊन या, मला त्याला रचताना बघायचंय.

तो रचायला बसला आणि दहा मिनिटांत मला जे दिसलं ते मी आधीच बघायला हवं होतं. लाकडी विटांसारखे ठोकळे, आणि तो ते एकावर एक, कडेला कड जुळवून, अगदी नेटाने चढवत होता, म्हणजे दिसायला भिंत पण खरं तर चार सुटे खांब शेजारी शेजारी उभे, एकाचा दुसऱ्याला काही आधारच नाही. गुडघ्याएवढी उंची झाली की एक खांब हलायचा आणि सगळं खाली. परत रचलं, परत तसंच, परत पडलं. मी विचारलं, "का पडलं रे?" तर खाली बघत म्हणाला, "मी ढ आहे म्हणून."

हे ऐकून पोटात तुटलं माझ्या. पोरगं खेळण्यावर चिडत नव्हतं, स्वतःवर चिडत होतं. पडण्याला काही कारण असतं आणि ते शोधता येतं हेच त्याला कोणी दाखवलं नव्हतं, कारण घरात सगळे एकतर "व्वा छान" म्हणायचे नाहीतर "आवर आता".

आमच्या बिल्डिंगच्या मागे विटांची कंपाऊंड वॉल आहे, प्लास्टर न केलेली. त्याला खाली घेऊन गेले आणि म्हटलं, दोन विटांच्या मधली रेघ धर आणि बोटाने सरळ वर जा. तो गेला आणि एका विटेवरच थांबला. दुसरी रेघ धरली, तीही अडली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रेघ वर जातच नाहीये, दर वेळी मधे वीट येते!" गवंडी याला सांधेमोड म्हणतात, वरची वीट खालच्या दोन विटांवर अर्धी अर्धी बसते त्यामुळे वजन वाटलं जातं आणि भिंत एका रेषेत सरळ फाटत नाही. हे मी त्याला सांगितलंच नाही, सांगायची गरजच पडली नाही, तो वर पळाला आणि त्याने तशी भिंत रचली. मग स्वतःच हाताने ढकलून बघितली. हलली पण पडली नाही. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पडलं की "जाऊ दे" किंवा "रडू नको" म्हणायच्या आधी "आधी कुठली बाजू गेली?" असं विचारायचं. दुसरं, रविवारी एखादी खरी बांधलेली वस्तू बघायला जायचं, मग तो पूल असो, देऊळ असो नाहीतर समोरची साइट असो. परत आल्यावर बनवायलाच लावायचं असं नाही, वाटलं तर बनवेल.

पुढच्या सेशनला वडील आले, आणि इथे केस वेगळ्याच वळणावर गेली. ते नाराज होते. म्हणाले, "मॅडम, माझ्या वडलांनी आयुष्यभर उन्हात गवंडीकाम केलं. मी शिकलो, ऑफिसात बसलो, ते विटासिमेंट घरातून जावं म्हणून. आणि तुम्ही माझ्या पोराला भिंती बघायला पाठवताय?" मी मधे बोलले नाही, ऐकत राहिले, कारण यात खूप काही साठलेलं होतं. मग त्यांना बाळकृष्ण दोशींबद्दल सांगितलं, जन्म पुण्यातलाच, १९२७ चा, घरात पिढ्यांचं फर्निचरचं काम, आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला जगातला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय आर्किटेक्ट. यावर लगेच त्यांचा प्रश्न, "म्हणजे याला आर्किटेक्चरला घालायचा?" नाही हो! साडेसात वर्षांचा आहे तो. पालक खेळाचं करिअर करायला निघाले की मूल खेळणंच सोडतं, हे मी फार जवळून बघितलंय. मला एवढंच म्हणायचं होतं की हाताने काम करणाऱ्या घरातलं ज्ञान लपवायची गोष्ट नाही. आणि मग विचारलं, आबा कुठे असतात?

आबा घरातच होते! शेजारच्या खोलीत. नातू समोर बसून भिंती रचतोय, पाडतोय, आणि हा माणूस मुलाला आवडणार नाही म्हणून गप्प.

दुसऱ्या दिवशी आबांनी ट्रंकेतून ओळंबा काढला, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायची, खाली वजन बांधलेली दोरी. टॉवरच्या शेजारी दोरी धरली आणि पोराला दाखवलं की खालचे पाच ठोकळे सरळ आहेत, सहावा बाहेर गेलाय आणि त्याच्या वरचे सगळे त्याच्यामागे गेलेत. आई म्हणते त्या दिवशी तो पहिल्यांदा टॉवर पडायच्या आधी थांबला आणि स्वतःच्या हाताने सहाव्यापर्यंत उतरवला.

मग आजोबा-नातू शनिवारवाड्याला गेले. आपण सगळे तिथे जाऊन फोटो काढून येतो, पण या दोघांनी दिल्ली दरवाज्याच्या बाजूच्या तटाकडेच अर्धा तास बघितलं म्हणे, खाली दगड आणि वर विटा, आबांचं म्हणणं जड ते खाली, हलकं ते वर. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, लाकडाचं सगळं जळलं, उरली ती दगडी जोती. पोरगा त्या जोत्यांवरून चालत चालत इथे खोली, इथे चौक असं ठरवत फिरला आणि घरी येऊन नुसतं जोतंच रचलं, वर काही नाही, आणि आईला म्हणाला वरचं तू मनात बघ. दरवाज्यातली कमान का पडत नाही यावर आबांनी दोन पुस्तकांवर कागदाची पट्टी ठेवून वर खडू ठेवला, पट्टी खचली. मग तीच पट्टी कमानीसारखी वाकवून दोन पुस्तकांच्या मधे अडकवली आणि तिच्या डोक्यावर कागद आडवा टाकून तोच खडू ठेवला, टिकला. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक सांगायला हवं. सगळ्याच मुलांचं उत्तर ओळंब्यात नसतं. मूल तासन् तास ठोकळे फक्त रांगेत लावत असेल, त्यातून गोष्ट किंवा खेळ होतच नसेल, नावाने हाक मारली तरी बघत नसेल, बोलणं मागे असेल, किंवा चिडल्यावर स्वतःलाच मारून घेत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, बालविकास तज्ज्ञांना दाखवा. या मुलात तसं काही नव्हतं, आणि लिहिण्याचा त्रास मात्र खरा होता, त्यासाठी मी त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. अक्षर अजून वाकडंच आहे. पण शनिवारवाड्याच्या चित्राखाली चार ओळी न सांगता लिहिल्या होत्या, त्या आईने मला दाखवल्या.

दिवाळीत किल्ला केला. दरवाजा समोरून दिसता कामा नये, रायगडासारखा दोन बुरुजांच्या मधे वळवून घ्यायचा हा त्याचा हट्ट, आणि माती कालवायला चक्क वडील बसले, आबा खुर्चीवरून सांगत होते. तिसऱ्या दिवशी रात्री पाऊस आला आणि एक बुरूज बसला. आईने सकाळी मला व्हॉइस मेसेज पाठवला, मागे त्याचा आवाज येत होता, रडवेला होता, नाक ओढत होता, पण विचारत होता, "आबा, पाणी आधी कुठून घुसलं असेल, वरून का खालून?"