फोटो आधी, स्फोट नंतर

प्रश्न: नमस्कार सर, मी अकरावीला आहे. व्हिडिओत पाहिलं की अमेरिकेतला एक्सरे लेझर ज्याच्यावर पडतो ती वस्तूच उडून जाते. मग फोटो कशाचा काढतात? आणि आपल्याला त्याचा उपयोग काय?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: अगं, नेमकी जागा पकडलीस. नमुना, म्हणजे इथे एखादा बारीक स्फटिक, उडतोच, पण त्याआधी फोटो निघालेला असतो. एकेक झोत जेमतेम काही फेम्टोसेकंदांचा, आणि 1 सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात तितके सेकंद मोजायला बसलीस तर 3 कोटी वर्षांच्या वर लागतील, म्हणून एका झोताच्या वेळात अणूंना जागचं हलायलाही सवड मिळत नाही. एक्सरे स्फटिकातून जाऊन डिटेक्टरवर ठिपके उमटवतात, तोच आपला फोटो, मग स्फटिक फुटतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा एलसीएलएस हा एक्सरे लेझर 2009 मध्ये सुरू झाला आणि 2011 मध्ये प्रोटीनच्या बारीक स्फटिकांवर हे करून दाखवलं. एका स्फटिकाचा एकच फोटो, म्हणून हजारो स्फटिक सोडायचे आणि कॉम्प्युटरवर सगळं जुळवायचं.

उपयोगाचं म्हणशील तर मला सगळ्यात भारी वाटतं ते पानाचं काम. आपलं संत्र्याचं झाड उन्हात पाणी फोडून ऑक्सिजन सोडतं ना, ते होतं 4 मँगनीज आणि 1 कॅल्शियम असलेल्या अणूंच्या एका इवल्याशा गुच्छावर. प्रकाशाचे 4 कण एकामागून एक मिळाले की ऑक्सिजनचा 1 रेणू सुटतो. पण सिंक्रोट्रॉनच्या एक्सरेने, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्सरे काढणाऱ्या, इंदूरला इंडस-2 आहे ना तसल्या यंत्राच्या, हा गुच्छ फोटो काढता काढताच बिघडायचा आणि दिसायचं ते बिघडलेलंच. जपानच्या साक्ला या एक्सरे लेझरवर तो पहिल्यांदा धड दिसला.

आता तर गरम झऱ्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून हा गुच्छ ज्यात असतो ते प्रोटीन घेतात, त्याच्या स्फटिकांचे थेंब सरकत्या पट्टीवर टाकतात, जाता जाता साध्या लेझरचा 1 फ्लॅश, कधी 2, कधी 3, आणि लगेच एक्सरे, म्हणजे जितके फ्लॅश तितक्या पायऱ्या पुढचा फोटो. असंच पाणी फोडणारं स्वस्त रसायन माणसाला बनवता आलं तर उन्हापासून हायड्रोजन इंधन मिळेल, आणि ऊन तर आपल्याकडे मे महिन्यात किती असतं ते तुला सांगायला नको. फक्त शेवटच्या पायरीवर ऑक्सिजनचे दोन अणू नेमके कसे जुळतात यावर अजून वाद चालू आहे.