अवकाश संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना कोणती नैतिक आणि अहिंसक तत्त्वे पाळली जावीत?

निबंधासाठी पाच-सहा तत्त्वे हवी आहेत, असे आपण प्रश्नाखाली लिहिले आहे. पारदर्शकता, उत्तरदायित्व, मानवी नियंत्रण, शांततापूर्ण वापर आणि सर्व मानवजातीचे हित ही यादी आपल्याला कोठेही मिळेल, आणि ती चुकीचीही नाही. तिच्यात उणीव एवढीच आहे की ती वाचून उपग्रहावरच्या सॉफ्टवेअरची एक ओळही कोणी बदलत नाही. मी बरीच वर्षे उपग्रहांच्या नियंत्रण प्रणालीवर काम केले आहे आणि याच विषयावरून माझे एका वरिष्ठांशी जे बिनसले ते आजतागायत मिटलेले नाही. म्हणून यादी न देता मी एकच तत्त्व सांगतो, आणि ते ज्या वादातून आले तो वादही सांगतो.

ते तत्त्व असे. यानाने स्वतःपुरते घ्यायचे निर्णय, म्हणजे थांबणे, मागे फिरणे, वाटेतून बाजूला होणे, उतरण्याची जागा बदलणे, सेफ मोडमध्ये जाणे (म्हणजे अत्यावश्यक यंत्रणाच चालू ठेवून बाकीचे काम थांबवणे), हे खुशाल यंत्रावर सोपवावेत. दुसऱ्याच्या वस्तूला पकडायचे, ढकलायचे किंवा निकामी करायचे असेल, तर तो निर्णय यंत्राच्या हाती कधीही नसावा आणि एकट्या चालकाच्या हातीही नसावा.

‘प्रत्येक निर्णयात माणूस हवा’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी सारखे असते, त्यांनी बहुधा नियंत्रण कक्षात रात्रपाळी केलेली नसते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा शेवटच्या टप्प्यातला सगळा कारभार लँडरच्या संगणकाकडे होता आणि बेंगळुरूत बसलेली माणसे पडद्याकडे पाहत होती. ते योग्यच होते, कारण संदेश जाऊन येईपर्यंत खड्डा पायाखाली आलेला असतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतही माणूस म्हणजे सुरक्षितता असे समीकरण टिकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या एओलस या उपग्रहाला स्टारलिंकच्या एका उपग्रहापासून वाचण्यासाठी कक्षा बदलावी लागली. दोन्ही बाजूंचा संपर्क ईमेलवर चालला होता. धोका वाढल्यानंतरचे संदेश स्टारलिंकच्या चालकांपर्यंत पोहोचलेच नाहीत, कारण त्यांच्या ड्युटीवरच्या माणसाला सूचना पाठवणाऱ्या यंत्रणेत दोष होता. अशा ठिकाणी मानवी नियंत्रण म्हणजे न उघडलेली ईमेल, आणि तेथे यंत्राने स्वतः बाजूला होणे मला अधिक नैतिक वाटते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २६ सप्टेंबर १९८३ चे आहे. सोव्हिएत संघाच्या पूर्वसूचना उपग्रहांनी अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने त्यांना फसवले होते. ड्युटीवरचे अधिकारी स्टानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा मानला आणि वर तसेच कळवले. येथे माणूस नसता तर काय झाले असते याची कल्पना आपण करू शकता. एओलसच्या बाबतीत प्रश्न स्वतः सरकण्याचा होता आणि येथे दुसऱ्यावर प्रहार करण्याचा. ‘मानवी नियंत्रण’ या एकाच मथळ्याखाली या दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात, आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो.

आता तो वाद. मी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे अवकाश कचरा उचलणाऱ्या एका लहान उपग्रहाचा प्रस्ताव तयार होत होता. गिरक्या घेत फिरणाऱ्या आणि कोणत्याही संदेशाला उत्तर न देणाऱ्या मृत वस्तूजवळ जायचे, कॅमेऱ्यातील प्रतिमांवरून तिची फिरकी ओळखायची, यांत्रिक हाताने तिला धरायचे आणि खालच्या कक्षेत आणून सोडायचे, अशी ती योजना होती. फिरकी ओळखण्याचे काम न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे सॉफ्टवेअर, करणार होते आणि चाचण्यांमध्ये ते उत्तम चालत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जवळ जाण्याच्या टप्प्यांचे सॉफ्टवेअर माझ्या गटाकडे होते. आढावा बैठकीत मी विचारले की, समोरचा उपग्रह मृत आहे की चालू, हे आपले यान कसे ओळखणार? उत्तर आले की ओळखण्याची गरजच नाही, लक्ष्य जमिनीवरून दिले जाईल. म्हणजे जमिनीवरचा माणूस जे लक्ष्य देईल ते हे यान निमूटपणे धरणार. कचरा उचलणारा हात आणि शत्रूचा उपग्रह उचलणारा हात यांच्यात यांत्रिकदृष्ट्या काहीही फरक नसतो, ही गोष्ट त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि कोणीही ती उच्चारत नव्हते.

मी एक कलम लिहून दिले. यान लक्ष्यापासून ठरावीक अंतरावर थांबेल. ती वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत आहे, त्या देशाच्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असलेली कमांड मिळाल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही. स्वाक्षरीची तपासणी यानावरच आणि प्रक्षेपणानंतर बदलता न येणाऱ्या मेमरीतून होईल. मागे फिरण्यासाठी मात्र कोणाच्याही परवानगीची गरज राहणार नाही. आमचे प्रमुख हसून म्हणाले, “सही आणायला काय मॉस्कोला माणूस पाठवायचा?” मग त्यांनी जोडले, “अहिंसा गांधी जयंतीच्या भाषणात ठीक आहे. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये, यानाच्या अटींच्या कागदात, तिचे एकक काय लिहिणार?” मी म्हणालो, “मीटर.” थांबण्याचे अंतर मीटरमध्येच लिहायचे होते, त्यामुळे मी विनोद केला नव्हता, पण बैठकीने तो विनोद मानला आणि पुढचा विषय घेतला. अखेर कलम राहिले, पण ‘शक्य असेल तेथे’ अशी पुस्ती जोडून. प्रस्तावाला पैसा मिळाला नाही, त्याची कारणे वेगळी होती, आणि वाद तसाच अर्धवट राहिला.

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. मेलेल्या उपग्रहाची त्याच्या मालकाला फिकीर नसते, परवानगीची वाट पाहत बसलो तर टक्कर होते आणि त्या टकरीची हिंसा आपल्या निष्क्रियतेच्या खाती जमा होते, असे ते म्हणत. दाखला म्हणून ते १० फेब्रुवारी २००९ ची घटना देत. त्या दिवशी कॉसमॉस-२२५१ हा मृत रशियन उपग्रह सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम-३३ या चालू उपग्रहावर आदळला आणि दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे कक्षेत पसरले. तो दाखला खरा आहे. पण १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे आठवे कलम सांगते की अवकाशात सोडलेल्या वस्तूवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो, आणि वस्तू बंद पडल्याने तो संपत नाही. मेलेल्या उपग्रहात गोपनीय उपकरणे असू शकतात, टाकीत इंधन उरलेले असू शकते, आणि तो खरोखर मेला आहे की गप्प बसवला आहे हे बाहेरून कळत नाही. चांगल्या हेतूने विनापरवाना धरलेला पहिला उपग्रह हा वाईट हेतूने धरल्या जाणाऱ्या दुसऱ्या उपग्रहासाठी पायंडा ठरतो.

स्वयंचलित नेम किती पक्का झाला आहे ते २६ सप्टेंबर २०२२ रोजी दिसले. नासाचे डार्ट यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळले, आणि शेवटचे चार तास त्याचे मार्गदर्शन यानावरचे सॉफ्टवेअर स्वतः करत होते. पृथ्वीच्या रक्षणासाठी मला तो प्रयोग मान्य आहे. मात्र जो संगणक न पाहिलेल्या दगडावर नेम धरू शकतो, त्याला उपग्रहावर नेम धरणे अवघड नाही. उपग्रह फोडण्याचे प्रयोग चीनने २००७ मध्ये, आपण २०१९ मध्ये आणि रशियाने २०२१ मध्ये केलेच आहेत. अमेरिका तर त्याआधीपासून या यादीत आहे. आपला प्रयोग कमी उंचीवर होता आणि बहुतेक तुकडे लवकर खाली आले, हे खरे आहे. तरीही काही तुकडे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या वर फेकले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये असे विध्वंसक प्रयोग न करण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १५५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या देशाने तेथे होकारार्थी मत द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली तर सर्वनाश आणि अहिंसेची मिळाली तर सर्वोदय, असे विनोबा सांगत. निबंधात ते अवश्य घाला, परीक्षकांना आवडेल. अवकाशातील अहिंसेचे प्रत्यक्ष उदाहरण हवे असेल तर शनीभोवती फिरणारे कॅसिनी यान घ्या. इंधन संपत आल्यावर हे यान भरकटून शनीच्या एन्सेलेडस किंवा टायटन या चंद्रांवर आदळू नये, तेथे जीवसृष्टी असण्याची शक्यता असेल तर ती दूषित होऊ नये, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले. मंगळावर लेसरसाठी खडक निवडण्याचे काम आज रोव्हरचे सॉफ्टवेअर करते आणि त्याला माझी हरकत नाही. पण पाण्याची शक्यता असलेल्या जागी छिद्र पाडण्याचा निर्णय त्याच सॉफ्टवेअरकडे द्यायला माझा विरोध राहील, कारण तेथे दुसरा कोणी असण्याची शक्यता सुरू होते.

काही मर्यादा सांगायच्या राहिल्या. स्वतः सरकणेही नेहमी निरुपद्रवी नसते, कारण दोन यंत्रे एकाच दिशेला सरकली तर टक्कर टळत नाही. कोणी हलायचे हे आधी ठरलेले असावे लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ चा ऑर्बिटर आणि चंद्राभोवती फिरणारे नासाचे एलआरओ यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार होते, तेव्हा दोन्ही संस्थांनी बोलणे केले आणि आपला ऑर्बिटर बाजूला झाला. उपग्रहाने टिपलेली प्रतिमा वापरून जमिनीवर कोणाला लक्ष्य करायचे, या प्रश्नाला माझे तत्त्व अपुरे पडते, हेही मान्य करतो. कायद्याच्या बाजूसाठी १९६७ च्या कराराचे चौथे, सहावे आणि नववे कलम आणि १९७२ चा दायित्व करार वाचा. अवकाशातील टकरीत नुकसानभरपाई दोष सिद्ध झाल्यावरच मिळते, आणि निर्णय यंत्राने घेतला असेल तर दोष कोणाचा, यावर आपला अर्धा निबंध लिहून होईल.

आमचे माजी प्रमुख हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. जपानच्या एका कंपनीचे आद्रास-जे हे यान २०२४ मध्ये एका जुन्या रॉकेट टप्प्यापासून सुमारे पंधरा मीटरपर्यंत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्याभोवती फिरताना काहीतरी बिघडल्याचे जाणवताच ते कोणालाही न विचारता मागे हटले होते. आणि तो टप्पा जपानचाच होता, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच उद्भवला नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे जुने टप्पे आजही कक्षेत फिरत आहेत. त्यांच्यासाठी लागणारी सही बेंगळुरूतच मिळते.