सत्र संपल्यावर जी थांबते, तिच्यासाठी

प्रिय मैत्रिणी,

कॉलेजमधल्या लैंगिक अत्याचारावरच्या सत्रासाठी केलेल्या तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. कलमं बरोबर आहेत, पण सगळी तयारी बोलण्याची आहे. अशा सत्रानंतर हॉल रिकामा होतो आणि कुणीतरी उगाच बॅग आवरत मागे राहतं. मग जवळ येऊन म्हणतं, "मॅडम, माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय." बरेचदा ती मैत्रीण म्हणजे तीच असते. तुझी खरी परीक्षा तिथे आहे. तेव्हा प्राचार्यांकडून आधीच एक वेगळी खोली मागून घे, परतीची एसटी उशिराची धर आणि सोबत एक सहकारी ने.

ज्युनियर कॉलेजला जातेयस हे विसरू नकोस. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली. अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी असलेल्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की, अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणीही ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. यातून तूही सुटत नाहीस. सतरा वर्षांच्या मुलीने स्वखुशीने ठेवलेले संबंधही याच कायद्यात येतात. म्हणून "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, आणि ही मर्यादा सत्राच्या सुरुवातीलाच सर्वांसमोर सांग. त्यामुळे काही मुली तुझ्याकडे येणारच नाहीत. मला ते अजूनही खटकतं. पण विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात पोचलं, तर ती पुन्हा कुणापाशीच तोंड उघडणार नाही.

सीनियर कॉलेजची, अठरा पूर्ण झालेली मुलगी आली तर गोष्ट वेगळी. तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे असतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 357-सी कलमात होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 397 मध्ये आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हेही तिला आधीच सांग. तिथे गेल्यावर धक्का नको. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. कपडे धुवू नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. हे मात्र स्लाइडवर हवंच.

ऐकताना "ओरडली का नाहीस?" एवढं विचारू नकोस. आपल्याच राज्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या मुलीच्या नावावरून हा खटला मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हे मुलांना या गोष्टीतून चटकन कळतं. कलमांच्या तीन स्लाइड्स काढ आणि ही घाल.

प्राचार्य म्हणतील, "मुलग्यांना बाहेर पाठवू का?" ठामपणे नाही म्हण. मुलींना ओढणी सावरण्याचे आणि सातच्या आत घरात येण्याचे धडे घरी रोज मिळतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीतलेच असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. तिथे अंधाऱ्या गल्लीची भीती घालून काय साधणार? मुलांना विचार: ग्रुपवर वर्गातल्या मुलीचा फोटो आला, तर तू काय करशील? आधी हसतील. हसू दे. थोडं थांब, कुणीतरी नीट उत्तर देतंच.

फळ्यावर मदतीचे नंबर लिही: मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112. अत्याचार झालेल्या स्त्रियांना मदत करणाऱ्या, जिल्ह्यातल्या सखी केंद्राचा नंबर मात्र आदल्या दिवशी स्वतः लावून बघ. कुणी उचलला नाही तर तो लिहू नकोस, दुसरी सोय शोध. स्लाइड्स निम्म्या करून रविवारपर्यंत पाठव, मी बघते.

तुझी,
ताई