लायपेज 2,140 आलंय म्हणजे केस सिरीयस आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला काल रात्री घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं, स्वादुपिंडाला सूज सांगितलीये, लायपेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, रक्तात मोजतात) 2,140 बघून घरचे सगळे हादरलेत आणि सीआरपी (शरीरात सूज किती ते दाखवणारं प्रथिन) मात्र 18 च आहे, मग धरायचं काय. मी वाशीला लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी तो लायपेजचा आकडा डोक्यातून काढा. नॉर्मलच्या तिप्पट झालं की निदान करायला उपयोग होतो, तिथे त्याचं काम संपलं. 2,140 वाला चार दिवसांत घरी जातो आणि 600 वाला आयसीयूत, असंही होतं. रोज लायपेज रिपीट करा म्हणून मागे लागू नका, बिल वाढतं फक्त.

सीआरपी 18 आहे म्हणून खूश पण होऊ नका, ते लिव्हरमध्ये बनतं आणि चढायला वेळ घेतं. दुखणं सुरू झाल्यावर 48 तासांनी 150 च्या वर गेलं तर डॉक्टर सावध होतात. आणि युनिट बघा हं, 150 हे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, काही लॅब प्रति डेसिलिटर देतात, तिथे 15 म्हणजेच 150.

पहिल्या 24 तासांत खरं बोलतात ते साधे स्वस्त रिपोर्ट, सीबीसीतला पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के) आणि युरिया (किडनीतून बाहेर जाणारा कचरा). सूज आली की रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, पीसीव्ही वाढतो. 44 च्या वर असेल आणि सलाईन चालू असूनही दुसऱ्या दिवशी उतरत नसेल तर लक्षण चांगलं नाही. (हे पुरुषाचं झालं, एखाद्या बाईचं एचबी मुळातच 9 असेल तर तिचा पीसीव्ही घट्ट होऊनही 44 ला पोचायचा नाही, त्यामुळे नुसता आकडा नाही, कालचा आणि आजचा शेजारी ठेवून बघायचा.) युरियाचंही तेच, चढतोय का उतरतोय. नेटवर वाचाल तिथे बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) 20 लिहिलेलं असतं, आपल्याकडे बहुतेक रिपोर्टवर ब्लड युरिया असतो, त्याला 2.14 ने भागायचं. म्हणजे युरिया 43 आला तर बीयूएन 20 झालं, उगाच 43 वाचून रडारड नको.

प्रोकॅल्सिटोनिन महाग टेस्ट आहे, ती इन्फेक्शनचा संशय आला की कामाची.

पण एक सांगू, सिव्हिअर कशाला म्हणायचं हे 2012 च्या अटलांटा वर्गीकरणात (स्वादुपिंडाची सूज किती गंभीर ते ठरवायची डॉक्टरांची पद्धत) रक्ताच्या एका आकड्यावर ठरवलेलंच नाहीये, किडनी, फुफ्फुस किंवा बीपी 48 तासांपेक्षा जास्त बिघडलेलं राहिलं तर सिव्हिअर. म्हणून डॉक्टर राउंडला आले की लायपेज किती हे विचारण्यापेक्षा लघवी किती झाली, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) किती, ऑक्सिजन लागतोय का हे विचारा. बहुतेक पेशंट सौम्यच निघतात, तेव्हा धीर धरा.

आणि कारण कळलं का तेही विचारा. एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) 150 च्या वर असेल तर पित्ताच्या खड्याचा संशय घेतात, सोनोग्राफीत दिसेल. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी, तीही कारण असू शकते) पाठवलंय का बघा, नसेल तर आजच पाठवायला सांगा, कारण पेशंट उपाशी राहिला की ते भराभर खाली येतं आणि मग 1,000 च्या वर होतं का नव्हतं ते कळत नाही.