एपिड्युरल घेऊ का? घरात कुणालाच पटत नाही

ताई, माझं पहिलंच बाळंतपण आहे. आठवा महिना सरत आलाय आणि तारीख नेमकी गणेश चवथीच्या आसपासची दिली आहे. सासर गोव्यात डिचोली तालुक्यात, माहेर हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गाकडे. मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. म्हापशाला ज्या डॉक्टरांकडे नाव घातलंय त्यांनी मागच्या खेपेला विचारलं, "एपिड्युरल हवी का?" म्हणजे कळा कमी करायला पाठीतून देतात ते औषध. मला मनातून हवी आहे. पण सासूबाई म्हणतात, कळा सोसल्याशिवाय माया लागत नाही. त्यांची तिन्ही बाळंतपणं काहीही न घेता झाली. नणंदेचं सिझर झाल्यापासून तिची कंबर दुखते, ती सांगते कण्याला सुई लावून घेऊ नकोस. आईला वाटतं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, तिथल्या छोट्या हॉस्पिटलात. नवरा म्हणतो, तू ठरव, मला त्यातलं काही कळत नाही. मी भित्री आहे का? आणि घेतली नि बाळाला काही झालं, तर जन्मभर मीच ऐकून घ्यायचं ना?

*

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार.

मी डॉक्टर नाही. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगते. एपिड्युरलमध्ये बधिर करणारं औषध आणि बहुतेक वेळा जोडीला थोडं वेदनाशामक, दोन्ही अगदी कमी मात्रेत, कण्यातल्या मज्जातंतूंच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सोडतात. कळांसाठी शिरेतून किंवा कंबरेत जी गुंगीची इंजेक्शनं देतात, त्यांच्या मानाने हे औषध बाळापर्यंत फार कमी पोहोचतं. त्या इंजेक्शनांनी कधीकधी बाळ जन्मतः सुस्त असतं; एपिड्युरलमध्ये ती भीती कमी. बाळाला लगेच पाजताही येतं. जपावं लागतं ते आईच्या बीपीला. औषध चढताना बीपी उतरू शकतं आणि त्याने बाळाचे ठोके थोडा वेळ मंदावू शकतात. म्हणून आधी सलाइन लावतात, दर थोड्या मिनिटांनी बीपी बघतात आणि पोटावर पट्टा बांधून ठोके ऐकत राहतात. काही बायांना तापही येतो, मग बाळावर जरा जास्त लक्ष ठेवतात. हे सगळं नेहमीचं आहे, आणि डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस खोलीत असेल तर सांभाळता येतं. तसं माणूस असणं हीच खरी अट आहे. त्यावर पुढे येतेच.

आता नणंदेची कंबर. ती दुखते हे खरंच असणार, तिला खोटं पाडू नकोस. पण सिझरला बहुतेकदा देतात ती स्पायनल. एका सुईने एकदाच औषध सोडतात आणि कंबरेखालचं सगळं बधिर होतं. तुला विचारली ती एपिड्युरल वेगळी. शिवाय बाळंतपणानंतरचं कंबरदुखणं इतकं सर्रास आहे की सुई न लावलेल्या बायकाही तेच सांगतात. नऊ महिने सैलावलेले सांधे, वाकून पाजणं, मूल कडेवर घेऊन घरभर फिरणं. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केलेल्या अभ्यासांत दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. सुई टोचली ती जागा काही दिवस हुळहुळते, तेवढं होतं. नणंदेला म्हणावं, सुईला दोष देऊन गप्प बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणीच्या कंबरेकडे घरात कुणी लक्ष देत नाही, हे दुखणं सुईपेक्षा जुनं आहे.

नेमकं काय करतात ते सांगते, कारण न पाहिलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. तुला पलंगाच्या कडेला बसवतील किंवा कुशीवर झोपवतील आणि पाठ मांजरासारखी गोल करायला सांगतील. आठ-नऊ महिन्यांच्या पोटाने ते जमवणं हाच त्यातला अवघड भाग. कंबरेच्या खालच्या बाजूला आधी कातडी बधिर करतात. मग सुई, आणि तिच्यातून अगदी बारीक अशी मऊ नळी आत सरकवतात. सुई काढून घेतात. पाठीत राहते ती फक्त नळी, चिकटपट्टीने लावलेली. मध्येच कळ आली तर सांग, ते थांबतात. पण सुई आत असताना हलायचं नाही. औषधाचा अंमल चढायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. कळ पूर्ण नाहीशी होत नाही, आणि होऊही नये. पोट घट्ट होतंय, खाली दाब येतोय हे कळायला हवं, म्हणजे जोर कधी करायचा ते समजतं. पाय जड होतात. उठून फेऱ्या मारायला बहुतेक ठिकाणी देत नाहीत. लघवीची नळी घालावी लागू शकते.

तोट्यांचं कुणी बोलत नाही, म्हणून तेही स्पष्ट सांगते. साधारण दहातल्या एकीला ती नीट लागू पडत नाही. एक बाजू बधिर, दुसरी दुखतेच, असं होतं. मग नळी हलवून बघतात किंवा पुन्हा घालतात. शंभरातल्या एकीला सुई आतल्या आवरणाला लागून नंतर भयंकर डोकं दुखतं: बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं. त्यावर उपचार आहे, पण ते दोन-चार दिवस तान्ह्या बाळासकट काढणं कठीण जातं. मज्जातंतूंना कायमची इजा होणं फारच दुर्मीळ. जोर करण्याचा काळ जरा लांबतो. पूर्वी जड मात्रा देत, तेव्हा बाळाला बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त येत असे. आताच्या हलक्या मात्रांत तो फरक तितकासा राहिलेला नाही. सिझर करावं लागण्याचं प्रमाण मात्र एपिड्युरलने वाढत नाही. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. उलट आयत्या वेळी सिझरची पाळी आलीच, तर बसवलेल्या त्याच नळीतून औषध वाढवून बहुधा काम भागतं. गोव्यात ही गोष्ट लांबची नाही. 2019-20 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली दहातली जवळजवळ चार बाळंतपणं सिझरने झालेली होती.

सासूबाईंचं वाक्य मात्र मला लागलं. "कळा सोसल्याशिवाय माया लागत नाही." असं म्हटलं की सिझर झालेल्या सगळ्या आया, आणि मूल दत्तक घेणाऱ्या, एका फटक्यात बाद होतात. तुझी नणंदसुद्धा. त्यांची लेकच! हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल, आणि तूही भांडणात ते शस्त्र म्हणून काढू नकोस. कारण मला वाटतं त्या तुला टोमणा मारत नाहीत. तीन बाळंतपणं काहीही न घेता केलेल्या बाईला त्या वेळी कुणी विचारलं होतं, "तुम्हाला काय हवंय?" त्यांच्या वेळी पर्यायच नव्हता. एवढं सोसलेलं वाया गेलं असं कुणाला वाटून घ्यायचं असतं? म्हणून त्याला मोल द्यावं लागतं, आणि माया हे मोल सगळ्यांत मोठं.

मी तुझ्या जागी असते तर त्यांच्याशी वाद न घालता एखाद्या दुपारी विचारलं असतं, "तुमच्या वेळी कसं झालं हो? कोण होतं जवळ?" जुन्या बायांकडे त्याची फार माहिती असते. वैजिणीने, म्हणजे सुइणीने, कंबर कशी दाबली, कळ आली की कशाला धरून उभं राहायचं, पाणी किती गरम घ्यायचं. ते शिकून घे, ते तुला लागणारच आहे. एपिड्युरल पहिल्या कळेला मिळत नाही. घरातले, गाडीतले आणि ॲडमिट झाल्यानंतरचे सुरुवातीचे तास तुला तसेच काढायचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही दोन्ही गोष्टी आहेत: निरोगी बाईने मागितली तर एपिड्युरल द्यावी, आणि मसाज, गरम शेक, श्वास सोडण्याच्या पद्धती यांचाही आधार द्यावा. सोबतीला तिच्या पसंतीचं माणूस असावं, हेही त्यांतच आहे. आपल्या सरकारी हॉस्पिटलांतही प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 साली मान्यता दिली. तुझ्या डॉक्टरांना विचार, आत कोण येऊ शकतं. त्या माणसाला आधी एकच सांगून ठेव: मी मागितलं तर मध्ये पडायचं नाही. हे वचन सासूबाई देऊ शकत असतील तर त्यांच्यासारखी सोबत नाही. देऊ शकत नसतील तर आईला घे.

आता भित्रेपणाचं. दात काढताना इंजेक्शन मागणाऱ्या पुरुषाला मी आजवर कुणी भित्रा म्हटलेलं ऐकलं नाही. एवढंच.

खरा प्रश्न माझ्या मते पुढे आहे, आणि पत्रात तू तो एका ओळीत उरकलास: बाळंतपण कुठे? एपिड्युरल घ्यायची की नाही हे कळा सुरू झाल्यावर ठरवता येतं, अर्ध्या वाटेवर मनही बदलता येतं. पण तिथे ती देणारं माणूसच नसेल तर सगळी चर्चा फुकट. भूलतज्ज्ञ डॉक्टर हवेत, आणि नळी घालून ते निघून जाऊन चालत नाही. पुढचे तासन् तास हाकेच्या अंतरावर कुणीतरी लागतं. लहान हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात, सिझर असलं की. साध्या बाळंतपणासाठी रात्री दोन वाजता ते येतील का, हे आजच विचारायला हवं. दोडामार्गाकडची अडलेली बाळंतीण शेवटी गाडीत घालून गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातच आणतात, हे तुझ्या आईलाही ठाऊक असेल. मग पावसात, घाईत, कळा चालू असताना हद्द ओलांडण्यापेक्षा आधीपासून गोव्यात राहिलेलं काय वाईट?

म्हणून आईला सांग: बाळंतपण इथे, बाळंतीण तुझ्याकडे. हॉस्पिटलातून सोडल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की सरळ माहेरी जा. शेक, मालिश, अळिवाची खीर, सगळं आईच्या हातचं होऊ दे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत बाईला विसावा मिळावा म्हणून आहे, आणि तो विसावा नंतरच लागतो. शेवटच्या दिवसांत आई तुझ्याकडे येऊन राहिली तर उत्तमच. व्याह्यांच्या घरी कशी राहू, असं ती म्हणेल. सासूबाईंनीच बोलावलं तर म्हणणार नाही.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगते. एपिड्युरल त्यांच्याकडे रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही मिळते का? तुझी तारीख चवथीची. त्या दिवसांत आपल्याकडे अर्धा गोवा गावच्या घरी असतो, डॉक्टरसुद्धा. मग भूलतज्ज्ञ कोण असतील, आणि ते नसले तर कोण? खर्च किती, आणि तो बाळंतपणाच्या बिलात धरलेला असतो की वेगळा? गर्भपिशवीचं तोंड अमुक उघडेपर्यंत थांबा असं ते म्हणतात का? खरं तर बाईने मागणं हेच पुरेसं कारण असतं, ठरावीक सेंटिमीटरची वाट बघायची गरज नाही. अगदी शेवटी, बाळ बाहेर यायच्या बेतात असताना मागितली तर मात्र वेळ उरत नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर सांग, कारण शेवटच्या डोसानंतर काही तास जावे लागतात. प्लेटलेट्स तपासून घे; पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, आणि प्लेटलेट्स फार उतरल्या असतील तर कण्यात सुई घालत नाहीत. पूर्वी कण्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांग. जमलं तर भूलतज्ज्ञांना महिनाभर आधी एकदा भेट. संमतीपत्र तेव्हाच वाचायला माग. कळांच्या भरात कुणी ओळी वाचत नाही. आणि त्यावरची सही तुझी. सज्ञान बाईच्या शरीराबद्दलचा होकार कायद्याने तिचाच असतो. घरच्यांची सही मागितली तरी ती तुझ्या होकाराच्या जागी येत नाही.

माझं मत विचारशील तर: तुला मनातून हवी आहे, म्हणजे ती मिळेल अशी सोय करून ठेव आणि वेळ आली की संकोच न करता माग. कळा आपल्याला झेपताहेत असं वाटलं तर मागू नकोस. घेतली नाहीस म्हणून कुणाला जिंकून दिलंस असं होत नाही. मला स्वतःला दोन्ही खेपांना कुणी विचारलंही नव्हतं. पहिल्या खेपेला नर्स ओरडली, "आता रडून काय उपयोग?" ते वाक्य अजून आठवतं, कळा आठवत नाहीत. तुला निदान विचारणारे डॉक्टर मिळालेत.

आणि तुझा नवरा. "तू ठरव" म्हणून तो बाजूला झाला, त्यात त्याला वाटतं आपण मोकळीक दिली. ठरवणं तुझंच, पण घरात ते सांगणं त्याचं काम आहे. "आई, हिचं आणि माझं बोलून झालंय" हे एक वाक्य त्याच्या तोंडून आलं की तुझ्यावरचा अर्धा भार उतरेल. बाळाला काही झालं तर मीच ऐकून घ्यायचं ना, ही तुझी भीतीही तिथेच कमी होईल. पुढच्या तपासणीला त्याला बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा. खर्चाचे आणि चवथीच्या दिवसांतल्या भूलतज्ज्ञांचे प्रश्न त्यालाच विचारायला लाव.

— ताई